मनातल्या मनात उघडलेलं पान

एका जंगलात, बाळांनो, राजा नव्हता. म्हणजे पूर्वी होता. पण तो फार डरकाळ्या फोडायचा, म्हणून प्राण्यांनी त्याला घरी बसवलं आणि मतं टाकून अध्यक्ष निवडायचं ठरवलं. भल्लाळराव अस्वल निवडून आले. ते डरकाळी फोडत नसत. ते बोलत असत. उठल्यापासून बोलत. महिनाभरात काही जणांना डरकाळीची आठवण येऊ लागली.

त्या जंगलात एक कपार होती आणि कपारीत जंगलाची गुपितं होती. गुपित पळसाच्या पानावर लिहायचं, वर तांबड्या मातीचा शिक्का मारायचा, की ते झालं गुप्त. ही पानं साळूबाई सांभाळत. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभाव शांत. त्या जंगलाच्या दप्तरदार होत्या.

नव्या अध्यक्षांना त्यांनी कपार दाखवली.

"यातलं कुठलंही पान मी उघड करू शकतो?" भल्लाळरावांनी विचारलं.

"हो साहेब. तुम्हाला तेवढा अधिकार आहे. फक्त पानावर पंजा उमटवायचा आणि मला सांगायचं. मी शिक्का पुसते. आणि त्या गुपितापायी कुणाचा जीव धोक्यात येणार असेल, तर आधी त्याला घरी बोलवून घ्यायचं."

भल्लाळरावांनी 'हो साहेब' एवढंच ऐकलं.

मग ते पानं घरी नेऊ लागले. "वाचून देतो," म्हणायचे. वाचायला नेलेली वस्तू परत येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बघता बघता एकेचाळीस पानं अध्यक्षांच्या गुहेत गेली. काही मधाच्या पोळ्याखाली, काही उशीला, आणि दोन न्हाणीच्या दगडावर, कारण तिथे त्यांना निवांत वाटे.

एका दुपारी भल्लाळरावांकडे मधाची मेजवानी होती. पाहुणे म्हणून पल्याडच्या जंगलाचे वकील, म्हणजे दूत, आले होते. त्यांचं नाव झुपके. ते कोल्हा होते. पल्याडच्या जंगलात सगळा कारभार कोल्ह्यांचाच होता.

झुपके म्हणाले, "मध बरा आहे. पण आमच्याकडचा जास्त गोड."

भल्लाळरावांना हे लागलं. ते उठले, उशीखालून एक पान ओढलं आणि झुपक्यांच्या नाकासमोर धरलं.

"हे बघा! असं काही आहे तुमच्याकडे?"

झुपक्यांनी पान वाचलं. पानावर लिहिलं होतं: 'कोल्ह्यांच्या दरबारातला तिसरा कोल्हा हा आपला ससा आहे.'

"नाही," झुपके म्हणाले. मग पान पुन्हा वाचून म्हणाले, "म्हणजे, आहे असं दिसतंय."

आणि अर्धा द्रोण मध तसाच टाकून ते निघून गेले.

बाळांनो, ती गोष्ट खरी होती. टवकारे नावाचा एक ससा तीन वर्षं पल्याडच्या जंगलात कोल्हा म्हणून राहत होता. लांब कान पागोट्यात दडवलेले, मागे कुसळी गवताची शेपूट बांधलेली. दरबारात मांस वाढलं की तो म्हणे, "पोट बिघडलंय." तीन वर्षं त्याचं पोट बिघडलेलंच होतं. कोल्ह्यांना त्याची दया येई. ते त्याला ओवा आणून देत. तो ओवा चघळत सगळं ऐकून घेई. कोल्हे कधी चाल करून येणार, हे तो आधी कळवी. त्याच्यामुळे कितीतरी पाडसं वाचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईंच्या कानावर आलं, की झुपके मध अर्धा टाकून गेले. कोल्हा मध उगाच टाकत नाही, आणि नेलेल्या पानांत कोल्ह्यांबद्दलचं पान एकच होतं. त्या तडक अध्यक्षांच्या गुहेवर गेल्या.

"साहेब, तुम्ही टवकाऱ्यांचं पान दाखवलंत?"

"दाखवलं. त्यात काय? ते गुप्त नव्हतं."

"शिक्का आहे साहेब त्याच्यावर."

"मी ते आधीच उघड केलं होतं. मनातल्या मनात."

"कधी?"

"पाठ खाजवताना."

साळूबाईंचे काटे थोडे वर आले. त्यांनी ते खाली बसवले.

"बरं. मग टवकाऱ्यांना परत बोलावलं का?"

"बोलावलं की. तेही मनातल्या मनात."

"मग ते आले का?"

"आले," भल्लाळराव म्हणाले. "मनात आले."

साळूबाई तशाच मागे फिरल्या. सशाला निरोप न्यायला माणूस नव्हता, आणि माणूस असता तरी त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्या स्वतःच निघाल्या. चालताना त्यांचे काटे खुळखुळ वाजत, म्हणून वाटेत त्या चिखलात लोळून घेत होत्या. त्यांना एकच धाकधूक होती. आपण पोचेपर्यंत नुसतं पागोटं उरलेलं असेल.

पण सीमेच्या ओढ्यावरच समोरून टवकारे आला. धापा टाकत, पागोटं सुटलेलं, शेपूट मात्र घट्ट.

"वाचलास रे बाबा! कसा सुटलास?"

"काय सांगू साळूबाई! झुपके आले आणि ओरडले, 'तिसरा कोल्हा ससा आहे!' मी म्हटलं, संपलो. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, 'तिसरा म्हणजे डावीकडून की उजवीकडून?' त्यावर भांडण लागलं. डावीकडच्या तिसऱ्याला मारलं, उजवीकडच्या तिसऱ्याला मारलं. मी वयाने तिसरा होतो. तिथवर येईपर्यंत मी निघालो."

आणि इतका वेळ हसत हसत सांगणारा तो ससा एकदम खाली बसून रडायला लागला. साळूबाईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण साळिंदराला तसं करता येत नाही. त्या नुसत्या शेजारी बसल्या.

मग सभा भरली. न्यायाला पाठक आजोबा बसले. ते कासव होते आणि कुठलाही निकाल ते मान बाहेर काढूनच देत. दोन्ही बाजू ऐकायला त्यांनी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी मान बाहेर आली.

"अध्यक्षांना पान उघड करता येतं," आजोबा म्हणाले.

भल्लाळरावांनी टाळ्या पिटल्या.

"पण उघड केलेलं जर कुणालाच कळलं नाही, तर ते उघड झालं कसं? पंजा उमटलाच पाहिजे. दप्तरदाराला सांगितलंच पाहिजे. आणि जीव ज्याचा, त्याला आधी कळलं पाहिजे, कोल्ह्याला नंतर. नेलेली सगळी पानं आजच परत करावीत."

"निकाल मान्य आहे," भल्लाळराव नम्रपणे म्हणाले. "पानं मी परत केली आहेत."

"कुठे?"

"मनातल्या मनात."

सभेत कुजबुज झाली. काय करावं कुणाला सुचेना. निकाल तर मान्य झाला होता.

साळूबाई उठल्या. त्या अध्यक्षांच्या गुहेपाशी गेल्या. भल्लाळराव आत गेले, तशा त्या दारातच बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सगळे काटे उभे केले. गुहेचं तोंड गच्च भरून गेलं.

दुपारी भल्लाळरावांना भूक लागली.

"साळूबाई, जरा उठा."

"उठले की साहेब."

"कुठे उठलात? बसलाय तुम्ही!"

"मनातल्या मनात केव्हाच उठले. घरीसुद्धा पोचले. आता भाकरी थापतेय."

भल्लाळरावांनी एक पंजा पुढे केला आणि चटकन मागे घेतला. पंजात तीन काटे होते. मध संपला होता. ऊन उतरेपर्यंत त्यांनी दम धरला. मग आतून एकेक पान बाहेर येऊ लागलं. साळूबाई मोजून घेत होत्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस आली. न्हाणीतली दोन ओली होती.

टवकारे आता जंगलातच असतो. शेपूट त्याने सोडली नाही. म्हणतो, सवय झाली. मांस दिसलं की अजूनही त्याचं पोट बिघडतं, पण आता ते खरंच बिघडतं.

तात्पर्य: अध्यक्षाचा अधिकार मोठा असतो, पण त्यालाही मर्यादा असतात. म्हणून शहाण्या अध्यक्षाने गुहेला मागचं दार ठेवावं.