पापण्यांविषयीचे सुधारित धोरण

मेलेल्या माणसाचा दाखला एकदाच काढावा लागतो. जिवंत माणसाला मात्र आपण जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. हे रास्त आहे. मेलेल्यांच्या स्थितीत सहसा बदल होत नाही.

येळ्ळूरच्या राजाबाईंचे यजमान नागोजी सैन्यात होते. ते वारल्यापासून राजाबाईंना पेन्शन मिळते आणि दर नोव्हेंबरात त्या हयातीचा दाखला देतात. पूर्वी त्या बँकेत साहेबांसमोर जाऊन उभ्या राहत आणि साहेब मान वर न करता सही करीत. (मान वर केली असती तर खात्री अधिक पक्की झाली असती, पण रांग मोठी असे.) ही पद्धत अशास्त्रीय होती. आता फोनमधले अ‍ॅप चेहरा पाहते आणि पापण्यांची उघडझाप करायला सांगते. फोटो पापणी मिटत नाही, माणूस मिटतो. तर्कात खोट नाही.

खोट राजाबाईंत निघाली.

१९८४ साली पेन्शनच्या कागदांसाठी नवरा-बायकोचा एकत्र फोटो हवा होता. लष्करी कॅम्पातल्या स्टुडिओत परशराम फोटोग्राफरच्या रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता आणि नेमकी त्या क्षणी राजाबाईंची पापणी मिटली. रोल धुऊन फोटो हाती येईपर्यंत नागोजींची सुट्टी संपली होती. दफ्तरातून शेरा आला : पत्नीचे डोळे मिटलेले, ओळख पटत नाही. पुढचा फोटो पुढच्या सुट्टीत, म्हणजे अकरा महिन्यांनी. दरम्यान नागोजींनी पत्रातून सराव करायला सांगितले. राजाबाई रोज आरशासमोर बसत. सुरुवातीला सात सेकंद, अखेरीस अठ्ठेचाळीस. तेव्हापासून आजतागायत, चार लग्ने, दोन बारशी आणि एक आधार कार्ड धरून, कॅमेऱ्यासमोर त्यांची पापणी लवलेली नाही.

थोडक्यात, प्रकाशाचे नियम तेच राहिले. पापण्यांविषयीचे धोरण तेवढे बदलले. रोलच्या काळात डोळे मिटणे हा गुन्हा होता. आता न मिटणे हा मृत्यू आहे.

अ‍ॅपसाठी राजाबाई ज्या सेवा केंद्रात गेल्या, ते चालवणारे शामू हे दोन मुलींचे बाप आणि शांत गृहस्थ आहेत.

“आक्का, डोळं मिटा की.”

“मिटलं की वाया जातोय रं फोटो.”

“आता न्हाय जात वाया. हजार काढलं तरी जागा हाय ह्यात.”

“मग नीट बघायचं कुणी त्यातलं?”

शामूंनी फोन पुन्हा समोर धरला. प्रश्न अ‍ॅपच्या कक्षेबाहेरचा होता.

चार दिवसांत सव्वीस प्रयत्न झाले. फुंकर मारून पाहिली, तेव्हा शामूंचेच तोंड चौकटीत आले आणि अ‍ॅपने परक्या व्यक्तीची नोंद केली. सून मंजुश्रीने मागून टाळी वाजवली. दुकानातले बाकी सगळे दचकले. कांदा चिरून आणला. डोळ्यांतून पाणी आले, पापणी हलली नाही. (अश्रू हे जिवंतपणाचे लक्षण म्हणून अ‍ॅप स्वीकारत नाही.)

तीस तारीख, शेवटचा दिवस. मंजुश्रीचा धीर सुटला. “आत्ती, आज न्हाय मिटलासा, तर कागदावर मेलासा बघा तुमी.”

राजाबाईंनी पदर सारखा केला. फोनकडे नव्हे, थोडे वर बघून त्या हळूच म्हणाल्या, “चुकलं माझं. एक वाया घालवते.” आणि डोळे मिटले. चांगले सावकाश मिटले, मग उघडले.

व्यक्ती जिवंत असल्याचे अ‍ॅपने तत्काळ मान्य केले.

दाखला छापून आला. अ‍ॅप पापणी मिटते त्याच क्षणी फोटो घेत असल्यामुळे, त्यावर राजाबाईंचे डोळे पूर्ण मिटलेले आहेत. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “ह्यो परत येतोय बघ.”

परत आलेला नाही. तो कुणी पाहिल्याचीही नोंद नाही.

माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. वाचताना त्याहून बरेच कमी. इथवर वाचायला आपल्याला तीनेक मिनिटे लागली असतील. तेवढ्यात आपण कितीदा पापणी मिटली, याचा पुरावा आपल्याकडे नसावा. आपल्या शब्दावर विश्वास ठेवायला आम्हांला आवडले असते.