रंगनाथभाऊंच्या जाग्या डिस्क

उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतल्या झाडून सगळ्या कूलरांची तोंडं माणसांकडे असतात. रंगनाथभाऊंच्या कूलरचं तोंड भिंतीतल्या कपाटाकडे असतं. भाऊ स्वतः बनियनवर बाजूला बसून पुठ्ठ्यानं वारा घेतात. मी विचारलंच तर म्हणतात, "मानसाला घाम तरी येतो वैनी. डिस्कनं काय करावं?"

कपाटात त्यांचा सर्वर आहे. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसवलेल्या चार हार्ड डिस्क. भाऊ कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता रिटायर झालेत. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, एवढीच माणसं. मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत एवढ्या यंत्राचं काय काम, हे आम्हाला कळत नव्हतं. भाऊ मात्र तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा डब्यावर हात ठेवून बसायचे.

टीव्हीवर व्हिडिओ लावला की मधोमध जो गोल फिरतो, त्याच्याशी या माणसाचं हाडवैर. "गोल फिरला नाय पायजे," हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की माझे मिस्टर त्यांना मागून 'गोलभाऊ' म्हणू लागले. व्हिडिओ बटण दाबताक्षणी सुरू झाला पाहिजे, एवढा एकच ध्यास. मी एकदा विचारलं, "एवढी घाई कशाची हो? कुठं गाडी सुटतेय?" तर म्हणाले, "सुटती वैनी."

चार डिस्क कशाला, तेही त्यांनी मला न विचारता समजावलं. "एक डिस्क म्हंजे एक नळ. टाकी भरायला टाइम लागनारच. फाइलीचे तुकडे करून चारी डिस्कवर वाटले, की चार नळ एकदम सुटत्यात." त्या दुष्काळी वर्षांत आमच्या एकुलत्या एका नळाला आठवड्यानं पाणी येत होतं. त्यात हे चार नळांचं उदाहरण ऐकून माझं डोकंच उठायचं.

"आणि त्यातली एक बिघडली तर?"

"मग चारीचं मातेरं," भाऊ शांतपणे म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाचवी डिस्क फडक्यात गुंडाळून माझ्या घरी घेऊन आले. तिच्यात सगळ्याची नक्कल होती. ती अजून माझ्या कपाटात पैठणीखाली आहे.

एवढं करूनही गोल फिरायचाच. भाऊंनी सुट्टं करून, जोडून, पुन्हा सुट्टं करून शेवटी कारण शोधलं. बराच वेळ काम नसलं की डिस्क झोपतात, आणि जाग्या व्हायला वेळ घेतात. भाऊंनी त्यांची झोपच बंद केली. चारही डिस्क रात्रंदिवस फिरू लागल्या, तापू लागल्या. म्हणून कूलर आला. कूलरला पाणी लागलं. आणि पाण्यावरून कॉलनी पेटली.

टँकर आला की बायाबापड्या ड्रम घेऊन धावत होत्या, आणि हा गृहस्थ आपल्या वाटणीतली भरलेली बादली कूलरमध्ये ओतत होता. नवे फ्लॅट उठत होते, बोअर आटत होते, आणि लोकांची टाळकी आधीच तापलेली. भाऊंना समज द्यायला सगळ्यांनी मला पुढं केलं. माझी जीभ धारदार, असा समज आहे. तो खोटा नाही.

मी दिवेलागणीला गेले. पहिलंच वाक्य तोंडातून निघतंय, तोच खाटेवरची आई उठली. कोपऱ्यातली काठी घेतली आणि म्हणाली, "मेंढरं आली न्हाईत आजून." आणि दाराकडं निघाली.

भाऊंनी रिमोट दाबला. पडदा क्षणात उजळला. धुळीतून, टेकडीच्या उतारानं मेंढरं घराकडे येत होती.

आईचा पाय उंबऱ्यावर थांबला. ती परत फिरली, टीव्हीसमोर बसली आणि बोटानं एकेक मेंढरू ओळखू लागली. "ही काळतोंडी. ही लांबकानी. ती लंगडी मागं ऱ्हायली बघ."

भाऊ हळू आवाजात बोलू लागले. फुलंब्रीच्या पलीकडे गावात त्यांच्या घरची मेंढरं होती. चारा गेला, पाणी गेलं, विकावी लागली. विकायच्या आधी भाऊंनी रोज संध्याकाळी कॅमेरा लावून ती घरी येताना टिपली. "गोल फिरला की तिला दम धरवत नाय. मागं एकदा आसंच झालं. मी डिस्कशी झटत बसलो, आन् ही गेली निघून. जालना रोडवर सापडली. काठीनं रिक्षा वळवत व्हती."

"मग फाइल लहान करून ठेवा ना. पटकन उघडेल."

"केली व्हती. तोंडं पुसट झाली. म्हनली, ही दुसऱ्याची मेंढरं हायेत."

पडद्यावर शेवटची लंगडी आत शिरली. आईनं समाधानानं काठी खाली ठेवली, वळून भाऊंकडे पाहिलं. "रंग्या, लई दमला आसशील रं. हातपाय धू."

"व्हय आई."

मग माझ्याकडे न बघता भाऊ म्हणाले, "दिवसभर मी तिला घरमालक वाटतो, वैनी. साहेब म्हनती. ह्याच येळंला तेवढं नाव निघतं."

पाण्याबद्दल मी काही बोलले नाही. मला रडूही येत होतं आणि बरंही वाटत होतं. भाऊ खरोखर हातपाय धुऊन आले, आईशेजारी मांडी घालून बसले. साठी उलटलेल्या त्या माणसाच्या ताटात तिनं भाकरी मोडून घातली.

"उद्या हर्सूलच्या तळ्याकडं न्ये," ती म्हणाली. "पानी हाय तिकडं."

हर्सूलचं तळं कधीच कोरडं पडलं होतं.

"व्हय आई," रंगनाथभाऊ म्हणाले, "तिकडंच न्येतो."