नव्याचं जुनं करणारा दोडकूजी

नवीन भांडं घरात आलं की लोक त्याला हळदीकुंकू लावतात. आमचा शेजारी दोडकूजी त्याला लाथ मारायचा.

खोटं नाही सांगत. भंडाऱ्याहून मागवलेला चकचकीत पितळी गंज, म्हणजे पातेलं, तो अंगणाच्या मधोमध ठेवायचा, एक लाथ घालायचा आणि पोचा आला का ते वाकून बघायचा. मग बुडाला चुलीतली काजळी फासायची. एवढं झालं की कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "हां. आता झाला जुना."

कारण सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्याला वेडा समजाल. तो वेडा होताच, पण त्याचं कारण हे नव्हे.

आमचं गाव वाघ नदीच्या काठावर. नदीपलीकडं दुसऱ्या राजाचं संस्थान. दोडकूजीची बायको लवकर गेली. एकुलती एक लेक सगुणा, तीही नदीपार दिलेली. तिकडच्या बाजारात धड काही मिळत नाही, म्हणून तिचे निरोप यायचे. बाबा, कढई पाठवा. बाबा, कंदील पाठवा. दोडकूजी भंडाऱ्याहून, गोंदियाहून माल मागवायचा. रेल्वेचं भाडं मुकाट्यानं द्यायचा, बैलगाडीचं भाडं कुरकुरत द्यायचा. पण पलीकडच्या काठावर संस्थानाचा जकात नाका होता. तिथं मात्र त्याचं डोकं फिरायचं.

"माहीच पोरगी, माहाच पैसा. मंधात हा राजा कोन?"

नाक्याचा नियम असा, की नव्या मालावर जकात, घरच्या वापरातल्या सामानाला माफी. या एका नियमावर दोडकूजीनं जन्माची अक्कल खर्च केली. शेतीला त्यातली थोडी दिली असती तर बरं झालं असतं.

नवे जोडे तो शेणातून चालवून न्यायचा. जावयाची धोतरं एकावर एक अशी सगळी नेसून निघायचा. चालताना त्याचे दोन पाय एकमेकांना भेटत नसत. नाक्यावरचा मुन्शी विचारायचा, "क्या दोडकूजी, मोटे हो गए?"

"लेकीच्या घरी जाऊन राहिलो साहेब. आनंदानं फुगलो."

नदी पार करायला डोंगा, म्हणजे लाकडी होडी. त्या डोंगेवाल्याशी वेगळंच भांडण. डोंग्यात माणसाचं भाडं एक, ओझ्याचं भाडं दुसरं. दोडकूजी गाठोडं डोक्यावर घेऊन डोंग्यात उभा राहायचा. म्हणायचा, "ओझं डोंग्यात ठेवलंच नाई, माह्या डोक्शावर हाय. भाडं कायचं?" डोंगेवाला मधल्या धारेत डोंगा जरा हलवायचा, एवढंच. एकदा दोडकूजी गाठोड्यासकट पाण्यात पडला. वर आला तो हसतच. म्हणे, "बरं झालं बापा! कपडा धुतला गेला. आता कोन म्हनंल नवा?"

या सगळ्या उद्योगात माझी बायको पार्बता त्याच्या बाजूनं होती. आम्हाला मूलबाळ नाही. सगुणाच्या वेण्या घातल्या त्या पार्बतानं, तिला ओरडली तीही पार्बताच. म्हणून दोडकूजीचा नवा गंज आला की पहिला भात माझ्या घरी शिजायचा, तोही मुद्दाम करपवून. गंज जुना दिसावा म्हणून. किती भात करपला म्हणता! दोडकूजी गंज घेऊन जायचा आणि भात मला उरायचा.

मी म्हणायचो, "कायले असा भात खाऊ घालून राहिली?"

"पोरीच्या संसारासाठी खाऊन राहिले तुम्ही. गुमान खा."

सगुणाला मुलगा झाला तेव्हा दोडकूजीनं सागवानाचा पाळणा करवून घेतला. आता आली पंचाईत. पाळण्याला लाथ मारता येत नाही, काजळी फासता येत नाही. रात्रंदिवस विचार करून त्याचे डोळे खोल गेले. शेवटी आम्ही तिघं पाळणा घेऊन नदीपार गेलो. नाक्यासमोर मोहाचं झाड होतं. त्याच्या फांदीला दोडकूजीनं पाळणा टांगला आणि स्वतः आत जाऊन बसला. गुडघे कानाशी, मिशा बाहेर. पार्बता दोरी ओढून जो जो म्हणू लागली.

मुन्शी धावत बाहेर आला. "ये क्या तमाशा है?"

पार्बता म्हणाली, "लहानपनापासून यातच निजते जी. सवय सुटली नाई."

"मिशा आल्या तरी?"

"आमच्या गावात असंच हाय."

तेवढ्यात कडाड् आवाज झाला. पाळण्याची फळी तुटली आणि दोडकूजी खालून बाहेर पडला. मुन्शी पोट धरून मातीतच बसला. हसता हसता त्यानं हातानंच खूण केली, जा, जा. दोडकूजी धूळ झटकत उठला आणि म्हणाला, "हां. आता झाला जुना." पुढं पलीकडच्या सुतारानं फळी बसवायचे घेतले ते जकातीहून जास्त होते. ही गोष्ट त्याच्यासमोर काढायची नाही.

मागच्या पोळ्याला मी पार्बतासाठी एक लुगडं आणलं. हिरवं, लाल काठाचं. तिनं गालाला लावून पाहिलं आणि पेटीत ठेवून दिलं. "दिवारीले नेसीन." नवरात्रात तिला ताप भरला. दिवाळी तिच्याशिवाय आली.

लुगडं पेटीत तसंच होतं. पेटी उघडायची मला हिंमत होत नव्हती, आणि ते पेटीत आहे हे विसरताही येत नव्हतं. एक दिवस काढलं आणि दोडकूजीकडं नेलं. म्हटलं, "सगुणाले देऊन ये. तिच्याशिवाय आहे कोन? कर तुह्या हिशोबानं जुनं, काय करायचं ते."

तो लुगड्याकडं बघत राहिला. "तू बी चाल," एवढंच म्हणाला.

डोंग्यात तो लुगडं मांडीवर घेऊन बसला. उभा राहिला नाही. काठाला लागल्यावर म्हणाला, "ओझ्याचं भाडं घे." डोंगेवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. "याची तब्येत बरी हाय ना गा?"

नाक्यावर मुन्शी आधीच हसायला तयार बसला होता. पार्बताचं त्याला कळलेलं होतं. मला पाहून हसू आवरलं त्यानं. लुगड्याकडं नजर टाकली आणि स्वतःच म्हणाला, "पुराना है ना? जाओ, ले जाओ."

"नवं हाय," दोडकूजी म्हणाला.

"अरे, मैं कह रहा हूँ ना, पुराना..."

"नवं हाय म्हनून राहिलो ना! घडी बी मोडली नाई. वहिनीनं एक डाव नेसलं नाई." त्याचा आवाज चढला. "माह्यासाठी ते बाई इथं उभी राहून लय खोटं बोलली साहेब. तिच्या लुगड्यावर मी खोटं नाई बोलत. जकात घ्या."

मुन्शीनं मान खाली घालून जकात घेतली. इतक्या वर्षांत दोडकूजीकडून कधी घेतलीच नव्हती, त्यामुळं दोघांनाही जमेना. एकाला देता येईना, दुसऱ्याला घेता येईना.

नाका मागं पडल्यावर दोडकूजी थांबला. "लय घेतले गा मुन्शीनं. वापस जाताना वसूल करू."

"कसे?"

"तिकडून काहीतरी आनू. डोंग्यात तू डोक्शावर घे. मी पडलो होतो, आता तुही पाळी."

पार्बता गेल्यावर मी तिथं पहिल्यांदा हसलो.

सगुणानं त्याच दिवशी लुगड्याची घडी मोडली. नेसून ओसरीवर आली, आम्हा दोघांच्या पाया पडली आणि उभी राहिली. दोडकूजीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नेहमीसारखे हात कमरेवर ठेवले.

"हां," तो म्हणाला. "आता झालं..."

'जुनं' न म्हणताच त्यानं कमरेवरचे हात खाली घेतले.

लुगडं नेसायच्या गडबडीत सगुणाचा भात चुलीवर करपला होता. ती दुसरा टाकायला निघाली, पण आम्ही टाकू दिला नाही. दोघांनी तोच पोटभर खाल्ला.