गंगारामतात्यांची मिशी आणि एक बुडबुडा

शेळगावच्या जमिनीखाली जेवढे पाइप होते, तेवढ्यांचे सांधे गंगारामतात्यांनी बांधलेले. आट्यांवर सुतळीचे धागे गुंडाळायचे, वर सफेदा फासायचा, पान्याने आवळायचं. तीस वर्षांत थेंब गळला नाही! निदान तात्या तसं सांगत, आणि त्यांच्या मिशीकडे बघून कुणी उलट विचारत नसे. मिशी कसली, दोन खारी शेपट्या वर करून बसलेल्या!

तर चौऱ्याण्णव सालची गोष्ट. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर पूजेआधी नवाकोरा लाल व्हायला हवा होता आणि ते काम तात्यांनी आपणहून अंगावर घेतलं. बारामतीहून भाड्याने कॉम्प्रेसर आणला, रंग फवारायची गन आणली. हवा सोडली. गनच्या बुडाशी, नळी जोडतात तिथे, साप डिवचावा तसा आवाज झाला. फिस्स्स!

शेजारचा मेकॅनिक समाधान धावत आला. "तात्या, ही पांढरी टेप गुंडाळा. हवेच्या जोडाला हीच लागती."

"ही फीत? तुझ्या पोरीच्या, साक्षीच्या वेणीला बांध जा!" तात्या गरजले. "अरं, भीमेचं पाणी मी सुतळीवर अडवलंय! हवा म्हंजे काय, वजन नसलेलं पाणी! माझ्या जोडातनं एक बुडबुडा निघाला, तर ही मिशी उतरवीन!"

झालं! पारावरची माणसं दहा मिनिटांत तात्यांच्या अंगणात. आप्पासाहेब तर घरून खुर्ची घेऊन आले.

तात्यांनी सुतळी गुंडाळली. नेहमीपेक्षा दुप्पट, कारण प्रश्न मिशीचा होता. सफेदा असा थापला, की भाकरीवर लोणी. जोड आवळला. आता परीक्षा! हवा गळते का बघायला साबणाचा फेस लागतो. तात्यांच्या बायकोने, बनाबाईंनी, त्यांची दाढीची वाटी ब्रशसकट आणून ठेवली.

"माझी वाटी कशाला?"

"फेस हिच्यातच चांगला येतो," बनाबाई म्हणाल्या. "आन् लागली तर हाताशी असावी."

फेस फासला. हवा सोडली. अंगणातली कोंबडीसुद्धा एक पाय वर धरून थांबली. तात्यांच्या कपाळावरून घाम मिशीत उतरला. एक मिनिट गेलं. दोन गेली. फेस ढिम्म!

"बघा!" तात्यांनी मिशीला पीळ दिला. "न्हाय बुडबुडा!"

रंगकाम सुरू झालं. बॉनेटचा अर्धा भाग डाळिंबासारखा लाल झाला आणि गन खोकली. एकदा. दोनदा. मग गपगार.

"तात्या, सुतळीचा तुकडा आत गेला असंल," समाधान हळूच म्हणाला. "टेप लावताना पयला आटा मोकळा सोडतेत, ते त्याच्यासाठीच."

"गेला तर गेला! आजवर किती तुकडे पाण्यासंगं उसात गेले. उसानं कधी तक्रार केली न्हाय!"

तात्यांनी हवेचा दाब वाढवला आणि घोडा दाबला. फाड्! सुतळी, सफेदा आणि रंग एकदमच बाहेर पडले. लाल बॉनेटवर पांढऱ्या टिपक्यांची रांगोळी उमटली. टिपक्यांना केसही होते.

आप्पासाहेबांच्या म्हाताऱ्या आई, चतुराबाई, काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी बॉनेट निरखलं आणि हात जोडले.

"अगं बया! ट्रॅक्टरला देवी आल्या! लिंबाचा डहाळा आणा गं कुणीतरी!"

डहाळा आला. हेडलाइटवर खोचलासुद्धा! लोक हसून हसून लोळले. आप्पासाहेब मात्र उठून उभे राहिले. "गंगाराम, उद्या ह्याची पूजा करू का औषधपाणी?"

"रंगाचं बघतो की," तात्यांचा आवाज चिरकला, "पर पैज बुडबुड्याची हुती! बुडबुडा आलाय का?"

आप्पासाहेबांनी दाढी खाजवली. न्यायाने वागणारा माणूस! "न्हाय आला. मिशी ऱ्हाईल."

तात्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास संपायच्या आत जोडानेही एक सोडला. वाढलेल्या दाबाने आतली सुतळी हलली होती. वाळत आलेल्या फेसातून एक बुडबुडा डोकावला. लिंबाएवढा झाला. पेरूएवढा झाला. त्याच्यात तात्यांची मिशी उलटी दिसू लागली. तात्यांनी श्वास रोखला. अंगणाने श्वास रोखला.

फट्!

बनाबाईंनी वाटीतला ब्रश फिरवला आणि पुढे केला. "बसा. फेस वाळायच्या आत."

समाधानने गन खोलून धुतली, आट्यांवर पांढऱ्या टेपचे तीन वेढे घेतले, टिपके थिनरने पुसले आणि दिवस मावळायच्या आत सगळा ट्रॅक्टर रंगवून चकचकीत केला.

दुसऱ्या दिवशी पूजेला तात्या सगळ्यांत पुढे, आरतीचं ताट धरून उभे होते. चतुराबाईंनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं,

"पावणं, तुमी कुठलं? आन् आमचा गंगाराम कुठं दिसंना?"