प्रलंबित साकव

देशाच्या पायाभूत सुविधा आणि प्रादेशिक विकासाचा कारभार सध्या रत्नागिरीत, आमच्या शेजारच्या पडवीतून चालतो. दिल्लीतलं त्या नावाचं खातं केव्हाच दुसऱ्या खात्यात विलीन झालं, इथलं कार्यालय बंद पडलं आणि तिथले हेडक्लार्क अण्णा निवृत्त झाले. या तिन्ही गोष्टी अण्णांना अजून मान्य नाहीत. "बातमी मीही वाचली," ते म्हणतात. "पत्र कुठाय?"

पडवीत टेबल, टेबलावर आवक-जावक नोंदवही. अण्णांची शिडी हवी असेल तर अर्ज लागतो. मी एकदा तोंडी मागून पाहिली.

"तोंडी चालत नाही. उद्देश लिहा."

मी 'नारळ' लिहिलं. अर्ज शेरा मारून परत आला: 'नारळ हा उद्देश नव्हे. पाडणे हा उद्देश.'

मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणारी शेवंताच काय ती त्यांना पुरून उरते.

"ताजा असल्याचा दाखला?" अण्णांनी बांगडा न्याहाळत विचारलं.

"कल्ला उघडा नि बघा. दाखला आतच हाय. लालभडक शिक्का!"

अण्णांनी उघडला आणि सवयीनं म्हणाले, "पाहिले."

गेल्या मे अखेरीला ते मला 'स्थळपाहणी'साठी संगमेश्वरच्या आतल्या एका गावात घेऊन गेले. तिथे त्यांची धाकटी बहीण सुमन एकटी राहते. घर आणि रस्ता यांच्यामध्ये पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. तो भरला की तिला चार-चार दिवस अलीकडे येता येत नाही.

"इथे पायी ओलांडायला सरकारी साकव नाही झाला?" मी विचारलं.

अण्णा पऱ्याची रुंदी पावलांनी मोजू लागले. सुमनताईच म्हणाल्या, "होणार होता की! माझा अर्ज दादाच्याच टेबलावर होता. बहिणीचं काम आधी केलं तर लोक बोलतील, म्हणून ह्यानं तो गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. वरचे संपेपर्यंत खातंच संपलं."

"संपलं नाही," अण्णा पुटपुटले. "अर्ज प्रलंबित आहे."

मग त्यांनी पँट दुमडली. गावातल्या दोघांना घेऊन त्यांनी पऱ्यावर दोन पोफळी आडव्या टाकल्या, काथ्यानं आवळल्या. हे ते दरवर्षी करतात. आधी स्वतः पलीकडे गेले, मग हात पुढे केला.

"ये सुमे. हलतो का सांग."

"हलतो थोडा," त्या हात न सोडता म्हणाल्या.

"तशी नोंद घेतो."

परत आल्यावर त्यांनी आधी नोंदवही उघडली आणि लिहिलं, 'काम पूर्ण.'

साकव साधारण गणपतीपर्यंत टिकतो. त्यानंतर अर्ज पुन्हा प्रलंबित.