मुक्या बाईच्या शिराची मोहीम

विदित व्हावे की, मार्च महिन्याचे दुसरे मंगळवारी, दोन प्रहरी, विलायतेतील डॉर्सेट प्रांती आमचे गावच्या 'मुकी बाई' या पबाची पाटी, पब जिचे मालकीचा त्या दारूकंपनी सरकारचे लोक उतरवून घेऊन गेल्याचे वर्तमान आले, आणि गावात हलकल्लोळ जाहला. पाटीवर बिनशिराची बाई होती. शिर नाही म्हणून मुकी, ऐसी पुरुषांची जुनी थट्टा. मग गतसाली आमचे कुटुंब थर्झा शिडी लावून चढली आणि तिने बाईस शिर रंगवून दिले, ते स्वतःचे. नाक-डोळे जाहले, तोंड उद्या करू म्हणोन उतरली, आणि त्याच रात्री वारली. तिला फोटोचे वावडे. मजपाशी दुसरी तसबीर नाही.

कंपनीचे फर्मान आले जे, नाव जुनाट, आता 'हिरवे पान' ठेवावे. नावास काही इतिहास असल्यास शुक्रवारी सिद्ध करावा.

मग पब चालविणाऱ्या गंड्रीबाई यांनी दरबार भरविला. मेंढपाळ पर्सी स्टिकलंड खासे उभे राहिले आणि वदले की, ही शिरच्छेद जाहलेली संतीण. गंड्रीबाईंचा दावा ऐसा की, कुण्या मालकिणीने चोरट्या ब्रँडीची बातमी शिपायांस फोडली, सबब नवऱ्याने शिर उडविले.

"मेल्या पर्सी, चर्चची पायरी चढला आहेस का कधी, संतीण ओळखायला?"

"तुझी रोज चढतो की, गंड्रीबाई!"

दोन फौजा जाहल्या आणि तळलेल्या बटाट्यांचा मारा सुरू जाहला.

शुक्रवारी कंपनीचे वजीर फेअरहोल्टसाहेब पाटी मोटारीत घालून दाखल जाहले. पुरावा एकाही फौजेपाशी नव्हता, सबब इतिहास दोन्हीकडून बुडाला. मग साहेबांनी सहज पुसले, "हे डोकं कुणाचं हो?"

"थर्झाचं! तिला मुकी म्हणता?" पर्सी गरजले, आणि तिने पाद्रीबोवांस भर प्रवचनात कैसे टोकले ते सांगू लागले, आणि गंड्रीबाईंनी मध्येच तिचे बदकांवरून जाहलेले भांडण काढिले, आणि चाळीस असामी एकदम बोलू लागल्या. तीन तास जाहले. साहेबांनी खिम्याचे दोन पॅटिस खाल्ले, कानांवर हात ठेविले आणि शरण आले.

"अहो, घ्या ती पाटी! नावही ठेवा! पण गप्प बसा!"

येणेप्रमाणे तह जाहला, पाटी पूर्वस्थळी चढली, फत्ते जाहली.

बाईचे तोंड रंगवावयाचे राहिले आहे.