लादीमागची मानाची खुर्ची

लातुरात फिजिक्स शिकवणारे पुष्कळ, पण फिजिक्स फोडून दाखवणारा मी एकटा! असं मी त्या उन्हाळ्यात पॅम्प्लेटवर छापूनच टाकलं होतं.

सगळा खटाटोप पुनमसाठी. औशाच्या अण्णारावांची ही मुलगी दहावीला तालुक्यात पहिली आली आणि शहरातले झाडून सगळे क्लासवाले तिच्या मागे लागले. अशी पोर बारावीलाही पहिली येणारच असते. आपण फक्त तिचा फोटो आपल्या बोर्डावर येईल एवढं बघायचं. यालाच आमच्याकडे शिकवणं म्हणतात.

भर मे महिन्यात मी क्लासच्या पत्र्याच्या शेडमध्ये बर्फाची अख्खी लादी उभी केली. लादीवरचा भुसा झटकत बर्फवाला मुज्तबा म्हणाला, "सर, लोक शादीला बर्फ नेतेत, सरबताला नेतेत. तुम्ही सुतळी बाँब लावून राहिले?"

"विज्ञान आहे, मुज्तबाभाई! स्फोट झाला की समोरची बाजू फुटणार. मागं एवढी जाड लादी, तिथं केसालाही धक्का लागत नाही."

म्हणून लादीच्या अगदी मागे मानाची खुर्ची टाकली आणि अण्णारावांना बसवलं. गडी खूष! "लई गार हाय की हो इथं! बाकीच्या क्लासात नुसते पंखे."

पालकांनी शेड गच्च भरली. मी लादीच्या समोरच्या अंगाला चिकटवलेल्या बाँबची वात पेटवली.

धडाम्! पत्रे थरथरले आणि कुणीतरी बोंब ठोकली, "भूकंप!" झालं! किल्लारीनंतर आमच्याकडे कपाट जोरात लावलं तरी माणसं अंगणात येतात, इथं तर बाँब होता. पोरांना खेचत पालक जे पळाले ते थेट समोरच्या मैदानात. मुज्तबा सगळ्यांच्या पुढे! मैदानात दुसऱ्या एका क्लासचा मांडव होता. त्यांनी धापा टाकणाऱ्यांना पाणी पाजलं आणि उभ्या उभ्या प्रवेश देऊन टाकले!

शेडमध्ये मी आणि बापलेक, तिघंच उरलो. लादीला समोरून नुसता पांढरा ओरखडा. मागून मात्र भाकरीएवढी कपची सुटली होती, आणि ती अण्णारावांच्या कपाळावर बसली होती!

"सर," कपाळ धरून ते कळवळले, "मागं धक्का लागत न्हाई म्हणालात की!"

मी तीच कपची रुमालात बांधून त्यांच्या टेंगळावर धरली. दुसरं काय करणार?

पुनम लादीभोवती फिरत होती. "सर, मार पुढून बसला. मग बर्फ मागून का सुटला?"

"हे... हे सिलॅबसमध्ये नाही."

बापलेक तडक मैदानातल्या मांडवात गेले.

दोन वर्षांनी पुनम बारावीला जिल्ह्यात पहिली आली. सगळ्या क्लासवाल्यांनी तिचा फोटो लावला, मग मी का सोडू? दहा मिनिटं का होईना, माझ्याकडे बसली होती! मी बोर्ड रंगवून घेतला: 'कु. पुनम, सटवाजी सरांची विद्यार्थिनी.'

दुसऱ्याच दिवशी ती बोर्डाखाली हजर! मीच घाईघाईनं विचारलं, "फोटो उतरवू का, बाई?"

"राहू द्या. आधी ते बर्फाचं ऐका. धक्का बर्फातून पार गेला, मागच्या मोकळ्या बाजूवरून उलटा फिरला आन् फिरताना कपची ओढून गेला. बर्फ दाब सोसतो, ताण सोसत न्हाई. समजलं?"

"समजलं," मी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

"मग बोर्ड बरोबर करून घ्या. नावं तेवढी उलटी करा!"

तेव्हापासून पेंटर शोधतोय. एवढ्या बोर्डांच्या गावात एक पेंटर म्हणून मिळत नाही हो!